खाल्लेल्याचा हिशोब

परवाच्या शनिवारी सकाळी आतकरवाडीच्या वाटेने पुन्हा एकदा सिंहगड चढलो. ऑफिसमधले आम्ही चौघं. वर पोचल्यावर सगळे जे करतात तेच केलं. पिठलं-भाकरी, वांग्याचं भरीत, कांदाभजीची एक प्लेट (मग आणखी एक), आणि शेवटी मडक्यातलं दही. हात धुवून जरा टेकलो तोच एकाने मनगटावरचं घड्याळ बघून जाहीर केलं, "सहाशे चाळीस जाळल्या." मग मोबाईलवर बोटं चालवून, "आणि अकराशे खाल्ल्या."

झालं! चौघांचेही चेहरे पडले. दोन मिनिटांपूर्वी भज्यांवर तुटून पडलेली मंडळी आता परीक्षेचा निकाल लागल्यासारखी गप्प बसली होती.

मला हे चांगलं ओळखीचं आहे. गेल्या वर्षी हाफ मॅरेथॉनची तयारी करत होतो तेव्हा फोनवरच्या ॲपने मला रोजचं लक्ष्य दिलं होतं १६०० कॅलरींचं. पळालो की ॲप त्यात थोडी भर घालायचं, बोनस दिल्यासारखी. रविवारी १५-१६ किलोमीटर पळून आलो की अशी काही भूक लागायची की समोर येईल ते संपवायचो. संध्याकाळी मात्र अपराधी वाटायला लागायचं. एवढं पळालो ते सगळं वाया घालवलं! मग शिक्षा म्हणून रात्रीचं जेवण बंद. असं दोन-अडीच महिने चाललं आणि एका सोमवारी सकाळच्या मीटिंगमध्ये उभ्या-उभ्याच डोळ्यांपुढे अंधारी आली. डॉक्टरांनी सगळे रिपोर्ट बघितले आणि एकच प्रश्न विचारला, "काल रात्री जेवला होतात का?"

असो. तेव्हापासून डोक्यात एक किडा वळवळत होता. मेहनत केली की भूक लागते, जास्त खाल्लं जातं, यात लाज वाटावी असं काय आहे? कोल्हापूरला आमचे आजोबा तरुणपणी तालमीत जायचे. तिथे व्यायामाला शब्दच 'मेहनत', आणि तिच्यामागून येतो तो 'खुराक'. जोर-बैठका वाढल्या की दूध, तूप, बदाम वाढणार. खुराक कमी पडला तर वस्ताद रागवायचे, जास्त झाला म्हणून कोणी तोंड लपवल्याचं आजोबांच्या एकाही गोष्टीत नव्हतं. मग हा जमाखर्च लिहायला सुरुवात केली कोणी? सुट्टीच्या दिवशी जरा वाचत गेलो, आणि सापडलं ते काही भलतंच.

पहिलं म्हणजे आपली लाडकी ट्रेडमिल. विल्यम क्युबिट नावाच्या इंग्लिश इंजिनिअरने (आमच्याच जातीचा!) १८१८ च्या सुमारास तुरुंगांसाठी एक प्रचंड चाक बनवलं. कैद्यांनी त्याच्या फळ्यांवर पाय ठेवत चढायचं, चाक खाली फिरत राहायचं, जिना कधी संपायचाच नाही. रोज कित्येक तास. काही ठिकाणी त्यावर धान्य दळलं जायचं, काही ठिकाणी चाक नुसतंच फिरायचं. ब्रिटिश तुरुंगांतून ते हद्दपार व्हायला १८९८ चा कायदा यावा लागला.

आता असं चाक चढणाऱ्या माणसाला खायला किती द्यायचं? कमी दिलं तर तो आजारी पडणार, जास्त दिलं तर करदाते ओरडणार की कैद्याची चैन चालली आहे. एडवर्ड स्मिथ नावाच्या डॉक्टरने लंडनच्या कोल्डबाथ फील्ड्स तुरुंगातल्या या चाकावर प्रयोग केले. चाक चढताना माणूस किती कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकतो ते त्याने मोजलं. १८५९ मध्ये हे काम लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात छापून आलं. बसलेल्या माणसाच्या मानाने चाकावरच्या माणसाचा आकडा कित्येक पटींनी जास्त होता. म्हणजे शरीर काहीतरी जाळत होतं, आणि ते भरून निघायला अन्न लागणार होतं. व्यायाम आणि जास्तीचं अन्न यांची आकड्यांत घातलेली सुरुवातीची सांगड ही अशी तुरुंगात घातली गेली.

अठरा वर्षांनी हाच प्रश्न आपल्या दारात आला. त्या वेळी त्यावर माणसं जगणार की मरणार हे ठरत होतं.

१८७६ ते ७८ चा दुष्काळ. दख्खन आणि मद्रास इलाख्यात पाऊस नाही, पिकं नाहीत. सरकारने दुष्काळी कामं काढली. खडी फोडा, माती उपसा, रस्ते आणि कालवे खणा, आणि त्या बदल्यात मजुरी घ्या. निरा डावा कालवा हे त्याच वेळी सुरू झालेलं काम. (आज बारामतीकडचा ऊस त्या पाण्यावर उभा आहे, म्हणजे आपल्या चहातली थोडी साखर तिकडून आलेली असू शकते.) जानेवारी १८७७ मध्ये कलकत्त्याच्या सरकारने सर रिचर्ड टेंपल यांना खर्च आटोक्यात ठेवायला पाठवलं. त्यांनी ठरवून टाकलं की दिवसभर राबणाऱ्या पुरुषाला एक पौंड धान्य आणि वर थोडे पैसे पुरेत. बाया आणि मुलांना त्याहून कमी.

एक पौंड म्हणजे साधारण ४५० ग्रॅम. तांदूळ काय किंवा ज्वारी काय, आजच्या हिशोबाने होतात जेमतेम १६०० कॅलरी. हा आकडा मी कॅल्क्युलेटरवर तीनदा करून बघितला. माझ्या ॲपने मला दिलेलं लक्ष्य! फरक इतकाच की मी एसीत बसून कोड लिहीत होतो आणि ती माणसं उन्हात खडी फोडत होती.

टेंपलसाहेबांची कथा जरा थांबून बघण्यासारखी आहे. कारण हा माणूस मुळात निर्दय नव्हता. १८७३-७४ च्या बिहारच्या दुष्काळात त्यांनीच ब्रह्मदेशातून तांदूळ आणून सढळ हाताने वाटला होता आणि भूकबळी फारच थोडे झाले होते. शाबासकी मिळायची तर उलट बोलणी बसली. उधळपट्टी केली म्हणे! लंडनच्या वर्तमानपत्रांनीसुद्धा झोडपलं. तीन वर्षांनी तेच टेंपल एक-एक पौंड मोजत दख्खनमध्ये आले. जास्त खर्च केल्याचा अपराधीपणा भरून काढायचा होता त्यांना, पण उपास मात्र दुसऱ्यांना घडला. माझ्या रविवार-सोमवारचीच ही मोठी आवृत्ती वाटते मला, फक्त माझ्या चुकीने माझीच शुद्ध हरपायची वेळ आली.

मद्रासचे सॅनिटरी कमिशनर डॉ. कॉर्निश टेंपलशी भांडले. त्यांचं म्हणणं सरळ होतं की राबणाऱ्या माणसाला निदान दीड पौंड धान्य हवं आणि सोबत डाळ-भाजी हवी, नाहीतर तो हळूहळू खंगत जाईल. मार्च १८७७ मध्ये मद्रास सरकारने अर्ध्यावर तडजोड केली, सव्वा पौंड धान्य आणि थोडी डाळ. इकडे मुंबई इलाख्यात हजारो मजूर काम टाकून निघून गेले. पोटभर मजुरी नसेल तर खडी फोडणार नाही! पुण्याची सार्वजनिक सभा, म्हणजे सार्वजनिक काका गणेश वासुदेव जोशी आणि मंडळी, त्यांच्या बाजूने सरकारला अर्जांवर अर्ज पाठवत होती. मला सगळ्यात भिडतं ते हे की त्या मजुरांना आपल्या भुकेची शरम वाटली नाही. काम केलंय, तेवढं अन्न हक्काचं आहे, एवढं सरळ गणित होतं त्यांचं. टेंपल पुढे मे १८७७ मध्ये मुंबईचे गव्हर्नर झाले, ते वेगळं.

एव्हाना तुमच्या लक्षात आलंच असेल. 'इतकं काम केलं, आता किती खाऊ?' हा प्रश्न दोन्ही वेळा विचारला तो कोठाराची किल्ली ज्याच्या हातात आहे त्याने. खाणाऱ्याने नाही. आपण मात्र तो कोठीवाला स्वतःच्याच डोक्यात नेऊन बसवला आहे, आणि तेही बिनपगारी.

ते कसं झालं हे बघायला अमेरिकेत जावं लागतं. कॅलरी हा शब्द मूळचा फ्रेंच. निकोला क्लेमाँ हा प्राध्यापक १८२० च्या आसपास वाफेच्या इंजिनांवर शिकवताना उष्णता मोजायला तो वापरायचा. अन्नाच्या संदर्भात तो अमेरिकन लोकांपर्यंत पोचवला विल्बर ॲटवॉटर यांनी, १८८७ पासून. त्यांनी कनेक्टिकटमधल्या मिडलटाउनला तांब्याचा पत्रा लावलेली एक हवाबंद खोली बांधली. आत एक माणूस दिवसचे दिवस राहायचा, जेवायचा, झोपायचा, व्यायामाची सायकल मारायचा, आणि बाहेर त्याच्या अंगातून निघणारी उष्णता अगदी बारकाईने मोजली जायची. पाकिटांवर आपण वाचतो ना, ग्रॅमला प्रथिनं ४, पिष्ट ४, चरबी ९, ते आकडे यांचेच. गंमत म्हणजे ॲटवॉटर यांना चिंता होती ती गरीब मजुराला थोड्या पैशांत जास्तीत जास्त कॅलरी कशा मिळतील याची. कमी खा म्हणून नव्हे, पुरेसं खा म्हणून हे एकक लोकांपुढे आलं होतं.

ते उलटं झालं १९१८ मध्ये. पहिलं महायुद्ध चालू होतं, अमेरिका युरोपला धान्य पाठवत होती. लॉस एंजेलिसच्या डॉ. लुलू हंट पीटर्स यांनी कॅलरींवर एक चटपटीत पुस्तक लिहिलं. स्वतः लठ्ठपणाशी झगडलेल्या बाई, त्यामुळे लेखनात विनोद भरपूर. पावाची चकती म्हणू नका, इतक्या कॅलरीचा पाव म्हणा, हे त्यांनी शिकवलं. आणि सांगितलं की युद्धाच्या दिवसांत अंगावर चरबी साठवणं म्हणजे धान्याचा साठा करणंच. वजन उतरवायला बायकांनी जमून जर्मन कैसरच्या विरोधात वर्ग भरवावेत असंही त्यांनी सुचवलं. युद्ध त्याच वर्षी संपलं, पुस्तक मात्र पुढची काही वर्षं धडाधड खपत राहिलं. उरलं काय? तर कैसर गेला, आकडा राहिला आणि त्याला चिकटलेला गुन्हा राहिला. १९६५ मध्ये फ्रँक कोनिशी या पोषणतज्ज्ञाने अमुक पदार्थ म्हणजे इतकी मिनिटं चालणं, इतकी मिनिटं पळणं अशी कोष्टकंही छापली. आमच्या मित्राचं घड्याळ हा त्याच कोष्टकाचा नातू.

आता शरीर काय म्हणतं तेही बघू. हार्वर्डचे ज्याँ मेयर यांनी पूर्णिमा रॉय आणि के. पी. मित्रा यांच्यासोबत पश्चिम बंगालमध्ये तागाच्या गिरणीतल्या २१३ पुरुषांचा अभ्यास केला. तो १९५६ मध्ये छापून आला. हलक्या कामापासून अतिकष्टाच्या कामापर्यंत जसजसे कष्ट वाढले तसतसं खाणंही वाढलं होतं, वजन मात्र जवळपास तेवढंच! जास्त वजन सापडलं ते दिवसभर बसून काम करणाऱ्यांचं, आणि ते खातही होते जास्त. हमालांना कोणी घड्याळ दिलं नव्हतं, तरी हिशोब जुळत होता. बसणाऱ्यांचाच तो बिघडला होता. (इथे मी माझ्या खुर्चीकडे एकदा बघून घेतलं.) अर्थात हा एकाच वेळी काढलेला फोटो होता. बसल्यामुळे वजन वाढलं की आणखी कशाने, हे त्यातून सिद्ध होत नाही.

आणि प्रामाणिकपणे सांगायचं तर त्याच्या पुढचं संशोधन मला तितकंसं सोयीचं नाही. हर्मन पाँट्झर आणि सहकाऱ्यांनी टांझानियातल्या हाड्झा लोकांचा रोजचा ऊर्जाखर्च मोजला आणि २०१२ मध्ये प्रसिद्ध केला. शिकार, कंदमुळं खणणं, मैलोन् मैल चालणं हे सगळं करूनही, शरीराच्या आकारमानाचा फरक वगळला तर त्यांचा खर्च शहरी पाश्चात्त्य माणसाइतकाच निघाला. पाँट्झर यांचा तर्क असा की कष्ट वाढले की शरीर दुसरीकडे काटकसर करतं. हे खरं असेल तर घड्याळातले 'सहाशे चाळीस' सगळेच्या सगळे खर्चात पडत नाहीत. म्हणजे दुसरी भजी प्लेट कदाचित खरंच जास्तीची होती. मान्य. पण मग रात्रीच्या उपासाचं गणितही त्याच खोट्या आकड्यावर उभं होतं की!

ॲप मी अजून काढलेलं नाही, लक्ष्याचा आकडा मात्र डॉक्टरांना विचारून वाढवला आहे. रविवारचं पळणं चालू आहे, आणि रविवारी रात्री मी जेवतो. अपराधी वाटायचं पूर्ण थांबलंय असंही नाही. परवा गड उतरताना फोन वाजला, 'आजचा नाश्ता नोंदवला नाहीत' म्हणून. पुढे पायाखालची वाट निसरडी होती. फोन खिशात टाकला आणि उतरायला लागलो.