शिक्का खरा, पत्र खोटे

बहमनी राज्याचा वजीर महमूद गावान शाळेच्या इतिहासात आपल्याला चार-दोन ओळींत भेटतो: जमिनीची मोजणी, बिदरचा मदरसा आणि सुलतानाने दिलेला मृत्युदंड. तो फारसी कवी आणि पत्रलेखनाचा मोठा जाणकार होता, हे त्या ओळींत सहसा येत नाही. त्याच्या शेवटाची कथा मात्र एका पत्राचीच आहे.

इराणात कास्पियन समुद्राकाठच्या गिलान प्रांतात, दरबारी घराण्यात त्याचा जन्म झाला. घरच्या राजकारणामुळे देश सोडून, व्यापार करीत तो १४५३ च्या सुमारास दाभोळ बंदरात उतरला आणि पुढे बिदरला गेला. राजकीय पत्रे लिहिण्याच्या कलेला फारसीत ‘इन्शा’ म्हणतात. गावानने या कलेवर ‘मनाजिर-उल-इन्शा’ हा ग्रंथ लिहिला. ‘रियाज-उल-इन्शा’ हा त्याच्या पत्रांचा संग्रह. तुर्कस्तानचा सुलतान, हेरातचा कवी जामी अशांशी त्याचा पत्रव्यवहार होता. जामीला त्याने दख्खनला येण्याचा आग्रहही केला होता; जामी आला नाही.

त्याने बिदरला बांधलेला मदरसा १४७२ मध्ये पुरा झाला. तीन मजली इमारत, विद्यार्थ्यांना व शिक्षकांना राहण्याची सोय, आणि तीन हजार ग्रंथ! त्याच वर्षी त्याने विजयनगरकडून गोवा जिंकला.

वैर ओढवले ते सुधारणांमुळे. त्याने राज्याच्या चार तरफांच्या आठ केल्या आणि तरफदाराच्या ताब्यात एकच किल्ला ठेवला. बाकीचे सुलतानाकडे गेले. सरदारांचे बळ एकदम घटले. त्यात गावान पडला परदेशी. दख्खनी सरदारांच्या एका गटाने त्याचा शिक्का सांभाळणाऱ्या नोकराला दारू पाजली आणि कोऱ्या कागदावर शिक्का उमटवून घेतला. त्यावर ओडिशाच्या राजाला स्वारीचे आमंत्रण देणारे पत्र लिहिले गेले.

सुलतान तिसरा महंमद तेव्हा मद्याच्या अमलात होता. शिक्का माझा आहे, पत्र माझे नाही, असे गावानने सांगितल्याची हकीकत फिरिश्ता देतो. आज कोणीही आधी अक्षर आणि भाषा पडताळून पाहील. ज्याच्या भाषेची ख्याती इराणपर्यंत होती, त्याच्या बाबतीत ही पडताळणी फार अवघड नव्हती, असे आम्हाला वाटते. पण चौकशी झालीच नाही. ५ एप्रिल १४८१ रोजी, सत्तरी गाठलेल्या या वजिराचे डोके उडवण्यात आले.

मग सुलतानाने त्याची संपत्ती शोधायला माणसे लावली. खजिनदाराने सांगितले ते असे: वजिराचे दोन खजिने होते. राज्याच्या उत्पन्नातून सैन्याचा खर्च चाले, तर स्वतःचे जेवणखाण तो व्यापारातल्या नफ्यातून भागवी आणि उरलेले वाटून टाकी. त्याच्या खासगी खजिन्यात जेमतेम तीनशे लारी निघाल्या. लारी म्हणजे तेव्हा व्यापारात चालणारे चांदीचे नाणे. पुढल्याच वर्षी, १४८२ मध्ये, सुलतानही वारला.