निकेलवरचा आरोप

विजेरी वाहनांच्या चर्चेत एक मत हल्ली सिद्धान्ताच्या थाटात मांडले जाते. लिथियम-आयन बॅटरीच्या कॅथोडमध्ये निकेल जास्त असेल, तर ती जात्याच अस्थिर. तिच्या सुधारणेत वेळ न दवडता लोह-फॉस्फेट घ्यावे आणि मोकळे व्हावे. कोल्हापुरात, उद्यमनगराच्या आणि फौंड्र्यांच्या गावात, हे ऐकले की नवल वाटते.

पूर्वपक्ष दुबळा नाही. लोह-फॉस्फेटमध्ये ऑक्सिजन फॉस्फरसशी घट्ट बांधलेला असतो. तापल्यावरही तो सहजी सुटत नाही. उलट लिथियम सोडून ज्याच्या धातूंत ८० टक्के निकेल असते तो ‘एनएमसी ८११’ (निकेल-मँगनीज-कोबाल्ट) कॅथोड पूर्ण चार्ज असताना तापला की ऑक्सिजन सोडतो, आणि ज्वलनशील इलेक्ट्रोलाइट शेजारीच असतो. शहरात फिरणाऱ्या स्कूटरला लोह-फॉस्फेट पुरते, हेही मान्य. पण वजन जिथे मोलाचे, तिथे ८११ एका ग्रॅममागे सुमारे २०० मिलिअँपिअर-तास देतो, लोह-फॉस्फेट १६०च्या आसपास. शिवाय ८११चा व्होल्टेजही चढा. आणि आज अस्थिर आहे म्हणून कधी स्थिर होणारच नाही, हा कुठला न्याय?

पहिला आक्षेप ‘जात्याच अस्थिर’चा; त्याचे कारण पाहू. ८११ची भुकटी सूक्ष्मदर्शकाखाली पाहा. सुमारे दहा मायक्रॉनचा एकेक कण म्हणजे शेकडो बारीक स्फटिकांचा लाडू. चार्ज होताना लिथियम बाहेर पडते आणि ४.२ व्होल्टच्या आसपास स्फटिकाचे थर एकाएकी आक्रसतात. प्रत्येक स्फटिकाचे तोंड वेगळीकडे, म्हणून प्रत्येकाची ओढही वेगळीकडे. लाडू तडकतो. भेगांतून इलेक्ट्रोलाइट आत झिरपतो, उघड्या पृष्ठभागावर निकेल ऑक्साइडसारखा निष्क्रिय थर धरतो, क्षमता घटते. निकेल वाढले की आक्रसणे वाढते, हे खरे. पण तडा जातो तो सांध्यात. सांधेच नसतील तर? एकस्फटिकी कणांचे तत्त्व हेच. दुसरी वाट पृष्ठभाग बदलण्याची : कोरियातील हानयांग विद्यापीठाच्या यांग-कूक सुन यांच्या गटाने २००९ मध्ये गाभा ८११चाच ठेवून पृष्ठभागाकडे निकेल उतरते आणि मँगनीज चढते असा कण घडवला. गाभा तोच, वागणूक वेगळी.

दुसरा आक्षेप : कॅथोडमध्ये चिमूटभर दुसरे मूलद्रव्य मिसळून काय साधणार? हे कोल्हापूरजवळच्या शिरोलीच्या फौंड्रीत विचारावे. ग्रे आयर्नमधले ग्रॅफाइट पापुद्र्यांसारखे असते. त्यांच्या टोकांशी तडा सुरू होतो. लेडलमध्ये मॅग्नेशियम पडते, डोळे दिपवणारा पांढरा लखलखाट होतो, आणि शेकडा ०.०४च्या आसपास मॅग्नेशियम उरले तरी ग्रॅफाइटच्या गोळ्या होतात. हेच एसजी आयर्न. कार्बन गेला नाही, टोके गेली. कॅथोडमध्येही शेकडा एकाच्या आसपास बोरॉन किंवा टंगस्टन मिसळले की स्फटिकांची घडण बदलते आणि ताण वाटला जातो. लोखंडाला जे मान्य, ते निकेलला का नाही?

तिसरा आक्षेप आगीचा. २०२२ मध्ये पुण्यासह अनेक ठिकाणी विजेरी स्कूटर पेटल्या. त्यानंतर बॅटरी-सुरक्षेचे ‘एआयएस-१५६’ मानक कडक झाले. त्याने बंदी कोणत्या रसायनावर घातली? कोणत्याच नाही. कसोटी लावली ती सेल, बॅटरी पॅक, चार्जर आणि नियंत्रण-यंत्रणेला.

एक अडचण मात्र खरी. ८११ची भुकटी हवेतला दमटपणा आणि कार्बन डायऑक्साइड ओढून घेते आणि इलेक्ट्रोडसाठी बनवलेली तिची स्लरी घट्ट होते. कोल्हापूरच्या पावसाळ्यात कोरड्या खोलीवाचून तिला हात लावता येणार नाही. पण हा खर्चाचा हिशेब झाला, अशक्यतेचा पुरावा नव्हे.

निवाडा वाचकाने करावा. ग्रे आयर्न ठिसूळ निघाले म्हणून या गावाने भट्टी विझवली नव्हती.