औरस कोण?

हिंगणघाटच्या बाजारांत कापूस हातानें पारखतां येतो. पितृत्वाचें तसें नाहीं. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यानें विवाह चालू असतां जन्मलेलें मूल औरस मानिलें. पतिपत्नींचा सहवास अशक्य होता, एवढेंच खंडन मान्य केलें. २०२४ पासूनच्या नव्या कायद्यांतही हाच नियम आहे. मात्र २०१४ सालीं पोटगीच्या एका वादांत नागपूर व हैदराबाद येथील प्रयोगशाळांनीं पितृत्व नाकारलें, तेव्हां सर्वोच्च न्यायालयानें विज्ञानास गृहीतकाहून श्रेष्ठ ठरविलें. पुढें २०२३ सालीं पुण्याच्या कौटुंबिक न्यायालयांतून आलेल्या दाव्यांत, पत्नीचा व्यभिचार सिद्ध करण्यास पतीनें मागितलेली मुलाची चाचणी त्याच न्यायालयानें नाकारिली. आम्हांस हा दुसरा निर्णय अधिक शहाणपणाचा वाटतो. सत्य मोठें खरें. पण भांडण आईबापांचें आणि कुळनांव गमवावें मुलानें, हा न्याय नव्हे.