स्नायु-आकुंचनाच्या कल्पनेचा इतिहास

शरीराची हालचाल घडवून आणणाऱ्या आकुंचनक्षम ऊतकास स्नायू म्हणतात. मानवी शरीरात सहाशेहून अधिक ऐच्छिक स्नायू असून प्रौढ पुरुषाच्या वजनाचा सु. ४०% भाग त्यांचा असतो. ते बहुतांशी कंडरांनी हाडांना जोडलेले असतात. स्नायू केवळ ओढू शकतो, ढकलू शकत नाही. म्हणून कोपर वाकविणारा एक व सरळ करणारा दुसरा, अशी त्यांची परस्परविरोधी योजना आढळते. ही रचना शवविच्छेदनाने उलगडली. परंतु स्नायू आखडतो म्हणजे नेमके काय होते, या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर मिळण्यास विसावे शतक उजाडावे लागले.

संज्ञेचाही येथे घोटाळा संभवतो. सुश्रुतसंहितेत पाचशे पेशी सांगितल्या असून त्यांतील चारशे हातापायांत, सहासष्ट धडात व चौतीस मानेपासून वर आहेत. या पेशी म्हणजेच आजचे स्नायू. त्याच ग्रंथातील नऊशे ‘स्नायू’ मात्र सांधे बांधून ठेवणारी बंधने होत. फळ्या बांधलेल्या नावेची उपमा त्यांसाठी योजलेली आहे. मराठीत पुढे स्नायू हा शब्द मांसपेशीसाठी रूढ झाला व नुसता पेशी हा शब्द सजीवाच्या मूलघटकासाठी वापरला जाऊ लागला. त्यामुळे जुने ग्रंथ वाचताना सावध राहावे लागते.

इ. स. पू. तिसऱ्या शतकात ग्रीक वैद्य एरासिस्ट्राटस यांनी असे मत मांडले, की प्राणवायुसदृश ‘न्यूमा’ स्नायूत शिरतो, त्यामुळे स्नायू रुंदीने फुगतो व लांबीने कमी होतो. दंड आवळला असता तो फुगीर दिसतो, हा रोजचा अनुभव या मताच्या बाजूने होता. त्याच्या दीर्घायुष्याचे कारणही बहुधा हेच असावे. व्हेसेलियस यांच्या १५४३ च्या ग्रंथाने स्नायूंची अप्रतिम चित्रे दिली, पण त्यांच्या कार्याविषयीची ही समजूत टिकून राहिली.

तिला खरा धक्का दिला तो डच शास्त्रज्ञ यान स्वामरडाम यांच्या साध्या प्रयोगाने. १६६० नंतरच्या दशकात त्यांनी बेडकाचा स्नायू तंत्रिकेसह काढून काचेच्या नळीत बंद केला. नळीच्या बारीक टोकात पाण्याचा थेंब होता. तंत्रिका डिवचताच स्नायू आखडला. बाहेरून काही शिरून तो फुगला असता, तर थेंब वर चढावयास हवा होता. तो चढला नाही. म्हणजे आकुंचनात स्नायूचा आकार बदलतो, घनफळ वाढत नाही. निकोलस स्टेनो यांनीही १६६७ मध्ये भूमितीच्या आधारे असाच निष्कर्ष काढला. स्वामरडाम यांचे लेखन मात्र त्यांच्या मृत्यूनंतर, १७३७-३८ मध्ये प्रसिद्ध झाले. दरम्यान बोरेल्ली यांनी तरफेच्या नियमांनी स्नायूंचे बल मोजले, तरी फुगण्याची कल्पना त्यांनाही सोडवली नाही. पुढे हालर यांनी १७५२ मध्ये आकुंचनक्षमता हा स्नायूचा स्वतःचाच गुणधर्म असल्याचे प्रतिपादिले.

मग ऊर्जेचा प्रश्न उरला. लॅक्टिक अम्ल आकुंचन घडविते असा समज काही काळ प्रबळ होता. १९२७ मध्ये हार्व्हर्ड येथे सायरस फिस्के व आंध्रातील यल्लाप्रगडा सुब्बाराव यांनी स्नायूतील फॉस्फोक्रिएटीन शोधले. १९३० मध्ये लुंड्सगार्ड यांनी लॅक्टिक अम्ल तयार होत नसतानाही स्नायू आकुंचन पावतो, हे दाखविले. एटीपी हे ऊर्जावाहक संयुग व त्याचे विघटन करणारे मायोसीन हे प्रथिन यांचा संबंध १९३९ मध्ये एंगेलहार्ट व ल्युबिमोव्हा यांनी प्रस्थापित केला.

तरीही प्रथिनांचे धागेच गुंडाळले जाऊन आखूड होत असावेत, असे मानले जाई. २२ मे १९५४ च्या नेचर या नियतकालिकात दोन निबंध शेजारी शेजारी प्रसिद्ध झाले : एक अँड्र्यू हक्स्ली व निडरगर्के यांचा, दुसरा ह्यू हक्स्ली व जीन हॅन्सन यांचा. (दोघा हक्स्लींचे परस्परांशी नाते नव्हते.) स्नायुतंतूंवरील गडद पट्टे आकुंचनातही तेवढेच रुंद राहतात, फिकट पट्टे तेवढे अरुंद होतात, असे दोहोंतही आढळले. अर्थात मायोसिनाचे जाड व ॲक्टिनाचे बारीक धागे आखूड होत नाहीत. ते एकमेकांवरून सरकतात. मायोसिनाची शीर्षे ॲक्टिनाला धरून ओढतात, सुटतात व पुन्हा धरतात. सुटण्यासाठी नवा एटीपी रेणू लागतो. मृत्यूनंतर त्याचा पुरवठा संपल्यावर शीर्षे जेथल्या तेथे अडकून राहतात व काही तासांत शव ताठर होते.