दूरचे जवळ आणण्याची किंमत: टेलिफोटो लेन्सचा इतिहास आणि नवशिक्याची निवड

प्रस्तावना

हा अनुभव तुमच्यापैकी अनेकांना आला असेल. जंगलात उंच फांदीवर धनेश बसलेला दिसतो, तुम्ही मोबाईल वर धरता आणि फोटोत येतो तो फक्त एक काळा ठिपका. मग कॅमेरा घ्यावासा वाटतो. कॅमेऱ्यासोबत मिळालेल्या छोट्या लेन्सनेही ठिपका फारसा मोठा होत नाही. तेव्हा प्रश्न पडतो: आपल्या खिशाला परवडेल अशी कोणती टेलिफोटो झूम लेन्स घ्यावी?

हा प्रश्न दुकानदाराला विचारायचा आहे असे वाटते. परंतु या लेन्स आज अशा का आहेत, काही स्वस्त आणि काही लाखो रुपयांच्या का आहेत, हे समजून घ्यायचे तर सुमारे सव्वाशे वर्षे मागे जावे लागते.

या पाठाचे सूत्र सुरुवातीलाच सांगतो. वन्य प्राण्याचे मोठे छायाचित्र मिळवण्याचे तीन मार्ग आहेत. पहिला, आपण प्राण्याजवळ जाणे. दुसरा, प्राण्याला कॅमेऱ्याजवळ आणणे. तिसरा, दोघांनी आपापल्या जागी राहणे आणि अंतर काचेने कमी करणे. प्रत्येक मार्गाची किंमत आहे. ती कधी पैशात, कधी प्रकाशात, तर कधी प्राण्याच्या स्वास्थ्यात मोजावी लागते. स्वस्त लेन्स निवडणे म्हणजे ही किंमत कशात मोजायची ते ठरवणे होय.

१. लेन्स अपुरी होती तेव्हा

इंग्लंडमधील यॉर्कशायरच्या रिचर्ड आणि चेरी किअर्टन या भावांनी १८९० च्या दशकात पक्ष्यांची व घरट्यांची छायाचित्रे घेण्यास सुरुवात केली. पक्षी घाबरू नयेत म्हणून त्यांनी लपण्याच्या अनेक युक्त्या केल्या. त्यांपैकी एक म्हणजे बैलाचे पोकळ सोंग. छायाचित्रकार कॅमेऱ्यासह त्यात शिरून बसत असे. हा झाला पहिला मार्ग.

दुसऱ्या मार्गाचे आपल्या देशातील उत्तम उदाहरण म्हणजे फ्रेडरिक वॉल्टर चॅम्पियन. ते तत्कालीन संयुक्त प्रांतात वन अधिकारी होते. बंदुकीपेक्षा कॅमेरा बरा, असे मानणाऱ्या त्या काळातील मोजक्या अधिकाऱ्यांत त्यांची गणना होते. वाघाच्या नेहमीच्या वाटेवर ते कॅमेरा आणि फ्लॅश मांडत व वाटेवर बारीक तार बांधत. रात्री वाघाचा पाय तारेला लागला की फ्लॅश पेटे आणि वाघ स्वतःच स्वतःचे छायाचित्र काढून जाई. ही छायाचित्रे १९२७ साली त्यांच्या ‘विथ अ कॅमेरा इन टायगर-लँड’ या पुस्तकात प्रसिद्ध झाली. आज व्याघ्रगणनेसाठी वापरल्या जाणाऱ्या कॅमेरा ट्रॅपचे हे पूर्वरूप म्हणता येईल.

येथे एक गोष्ट लक्षात घ्या. कॅमेरा वाटेवर मांडावा लागला, कारण अंधारात शंभर फुटांवरच्या वाघाचे चित्र घेईल अशी लेन्सही नव्हती आणि फिल्मही नव्हती. साधनाची मर्यादा पद्धत ठरवत होती.

२. टेलिफोटोचा जन्म आणि प्रकाशाचा हिशेब

तिसऱ्या मार्गाची सुरुवात १८९१ च्या सुमारास झाली. लंडनमध्ये थॉमस डॅलमायर, तर जर्मनीत अडॉल्फ मिथे आणि श्टाइनहाइल यांनी जवळपास एकाच वेळी, स्वतंत्रपणे टेलिफोटो रचना मांडली.

लेन्सचे नाभीय अंतर, म्हणजे फोकल लेंग्थ, जितके जास्त तितकी दूरच्या वस्तूची प्रतिमा मोठी. परंतु साध्या रचनेत ६०० मिमी नाभीय अंतरासाठी लेन्स जवळपास तितकीच लांब करावी लागते. टेलिफोटो रचनेत पुढे बहिर्वक्र भिंगांचा गट आणि मागे अंतर्वक्र भिंगांचा गट असतो. त्यामुळे नळी नाभीय अंतरापेक्षा आखूड होते. तुम्ही बारावीपर्यंत भौतिकशास्त्र शिकला असाल, तर दोन भिंगांच्या संयोगाचा हा उपयोग सहज ओळखाल.

रचना आखूड झाली, तरी प्रकाशाचा हिशेब चुकत नाही. एफ-अंक म्हणजे नाभीय अंतर भागिले लेन्सच्या छिद्राचा व्यास. छिद्र तेच ठेवून नाभीय अंतर दुप्पट केले, तर तोच प्रकाश चौपट क्षेत्रावर पसरतो आणि प्रतिमा चौपट मंद होते. उदाहरणार्थ, ३०० मिमी एफ/५.६ लेन्ससाठी सुमारे ५४ मिमी व्यासाचे छिद्र पुरते. एफ/२.८ साठी सुमारे १०७ मिमी लागते. व्यास दुप्पट म्हणजे काचेचे क्षेत्र चौपट, आणि जाडी, वजन, घासण्याची मेहनत हे सर्व त्याबरोबर वाढते. महाग लेन्सच्या किमतीचे मुख्य कारण हेच आहे. स्वस्त लेन्स तितक्याच दूरचे पाहते, पण कमी उजेडात.

३. जुळवाजुळवीचा कॅमेरा

स्वातंत्र्योत्तर भारतात आयातीवर निर्बंध होते. चांगले कॅमेरे आणि लेन्स मिळणे कठीण व खर्चिक होते. अशा काळात मद्रासचे निसर्गलेखक एम. कृष्णन (१९१२–१९९६) यांनी दक्षिणेतील हत्ती, गवे, हरणे यांची कृष्णधवल छायाचित्रे घेतली. ‘द स्टेट्समन’ या दैनिकात १९५० पासून ते स्तंभ लिहीत होते. त्यांचा कॅमेरा वेगवेगळ्या बनावटींचे भाग एकत्र जोडून तयार केलेला, अवजड आणि विचित्र दिसणारा होता. त्यांनी त्याला गमतीने ‘सुपर पॉन्डेरोसा’ असे नाव दिले होते.

कृष्णन यांची छायाचित्रे आजही अभ्यासली जातात, ती यंत्रासाठी नव्हे. प्राणी कोणत्या वेळी, कोठे, काय करतो याचे त्यांचे निरीक्षण त्यांत दिसते. साधन अपुरे असले, की ज्ञानाने काही तूट भरून काढता येते, हा धडा नवशिक्यासाठी मोलाचा आहे.

४. झूम आली, पण स्वस्त व्हायला वेळ लागला

नाभीय अंतर बदलता येणारी लेन्स म्हणजे झूम. ३५ मिमी स्थिरचित्र कॅमेऱ्यासाठी पहिली झूम लेन्स १९५९ साली फोइक्टलेंडर कंपनीने ‘झूमार’ या नावाने आणली. तिची कक्षा ३६ ते ८२ मिमी होती. त्याच वर्षी निकॉनने ८५ ते २५० मिमीची टेलिफोटो झूम आणली. अशा लेन्समध्ये अनेक भिंगे सरकत असल्याने आकडेमोड गुंतागुंतीची होती, आणि स्पष्टता एकाच नाभीय अंतराच्या लेन्सपेक्षा कमी पडे.

पुढे संगणकाने आकडेमोड सोपी केली. काचेवरील बहुस्तरीय लेपामुळे भिंगांमधील परावर्तन कमी झाले. १९७० च्या दशकात कॅमेरा कंपन्यांखेरीज इतरांनीही दर्जेदार झूम आणल्या. व्हिव्हिटारची ‘सीरीज वन’ ७०-२१० मिमी ही त्यांपैकी विशेष गाजली. टॅमरॉन, सिग्मा, टोकिना या जपानी कंपन्याही या क्षेत्रात होत्या. स्पर्धेमुळे हौशी माणसाला दुसरा पर्याय मिळाला.

५. तूट भरून कशी निघाली?

तरीही प्रकाशाची तूट कायम होती. रंगीत छायाचित्रणासाठी नावाजलेल्या कोडाक्रोम फिल्मची एक प्रचलित संवेदनशीलता ६४ होती. सकाळच्या जंगलात एफ/५.६ वर ती पुरी पडत नसे. पुढील तीन बदलांनी चित्र पालटले.

पहिला बदल म्हणजे स्वयंचलित फोकस. १९८५ च्या मिनोल्टा ७००० नंतर तो एसएलआर कॅमेऱ्यांत रुळला. दुसरा बदल म्हणजे कंपनरोधक यंत्रणा. कॅननने १९९५ साली एसएलआरसाठी अशी पहिली लेन्स आणली. ती कोणती होती? लाखो रुपयांची नव्हे, तर ७५-३०० मिमीची हौशी वर्गातली झूम. तिसरा बदल म्हणजे डिजिटल सेन्सर. आयएसओ ३२०० वर आज साधा कॅमेराही वापरण्याजोगे चित्र देतो. म्हणजे ६४ च्या फिल्मपेक्षा पन्नासपट संवेदनशीलता.

या तिन्हींमुळे मंद लेन्स उपयोगी ठरली. नोव्हेंबर २०१३ मध्ये टॅमरॉनने १५०-६०० मिमी एफ/५-६.३ लेन्स जाहीर केली. अमेरिकेतील तिची किंमत १,०६९ डॉलर होती. २०१४ मध्ये सिग्माने त्याच कक्षेच्या दोन लेन्स, तर २०१५ मध्ये निकॉनने २००-५०० मिमी एफ/५.६ लेन्स आणली. ६०० मिमी एफ/४ लेन्सला सुमारे १५० मिमी व्यास लागतो, तर एफ/६.३ ला ९५ मिमी. सुमारे अडीचपट प्रकाश सोडून दिला, आणि लेन्स सामान्य हौशी माणसाच्या आवाक्याजवळ आली. २०२० मध्ये कॅननने ६०० आणि ८०० मिमीच्या एफ/११ लेन्स आणून हीच वाट आणखी पुढे नेली.

६. इतिहासाचा उपयोग: तुमची निवड

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. पुढील मुद्दे वहीत उतरवून घ्या.

*काय टिपायचे आहे?* जिप्सीतून हरणे, हत्ती, गवे टिपायचे असतील तर ५५-२५० किंवा ७०-३०० मिमी लेन्सने सुरुवात करता येते. एपीएस-सी सेन्सरच्या कॅमेऱ्यावर ३०० मिमीचे दृश्यक्षेत्र फुल फ्रेमवरील ४५० ते ४८० मिमीइतके अरुंद होते. लहान पक्ष्यांसाठी मात्र ५०० ते ६०० मिमीही अनेकदा कमी पडते.

*उजेड किती?* तलाव, माळरान, समुद्रकिनारा येथे एफ/६.३ पुरते. दाट सदाहरित जंगलात आयएसओ वाढवावा लागतो आणि चित्रात दाणे येतात. ते मान्य करूनच लेन्स घ्या.

*कंपनरोधक यंत्रणा आहे का?* परवडत असेल तर ती असलेलीच लेन्स घ्या. मात्र ती तुमच्या हाताची थरथर रोखते, धावणाऱ्या चितळाला थांबवत नाही. त्यासाठी शटरचा वेगच वाढवावा लागतो.

*वजन पेलेल का?* १५०-६०० वर्गातील हौशी लेन्स सुमारे २ किलोची असते. जीपच्या दारावर तांदूळ किंवा डाळ भरलेली कापडी पिशवी ठेवून त्यावर लेन्स टेकवणे हा स्वस्त व चांगला उपाय आहे.

*कॅमेऱ्याशी जुळते का?* माउंट तपासा. निकॉनच्या डी३००० व डी५००० मालिकेतील कॅमेऱ्यांत फोकसची मोटर नसते. त्यामुळे मोटर नसलेली जुनी लेन्स त्यांवर स्वयंचलित फोकस करत नाही.

*जुनी लेन्स घेताय?* आपल्या दमट हवेत भिंगांवर बुरशी येते. टॉर्चचा उजेड लेन्समधून आरपार पाडून पाहा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती घेऊ नका.

*कन्व्हर्टरचा मोह टाळा.* दुप्पट करणारा टेलिकन्व्हर्टर एफ/५.६ चे एफ/११ करतो. अनेक कॅमेऱ्यांत त्यामुळे स्वयंचलित फोकस अडखळतो किंवा बंद पडतो. १८९१ चा हिशेब येथे पुन्हा समोर येतो.

७. उरलेली किंमत कोण मोजतो?

आपली लेन्स कमी पडते, तेव्हा आपले पाऊल नकळत पुढे पडते. घरट्यासमोरची फांदी बाजूला केली जाते. गाडी आणखी जवळ नेण्याचा आग्रह चालकाला केला जातो. अशा वेळी लेन्सवर वाचवलेले पैसे प्राण्याकडून वसूल होतात. पिलांना चारा आणणारा पक्षी घरट्याकडे फिरकत नाही.

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मधील ‘शिकार’ या शब्दाची व्याख्या वाचा. वन्य पक्ष्यांची अंडी किंवा घरटी यांना उपद्रव देणे हेही तिच्यात येते. म्हणजे बंदूक हाती नसलेला छायाचित्रकारही कायद्याच्या दृष्टीने शिकारी ठरू शकतो.

म्हणून २५० मिमीची लेन्स असेल, तर २५० मिमीची छायाचित्रे घ्या. प्राणी लहान दिसेल, पण त्याच्याभोवती पाणी, गवत आणि कळप दिसेल. प्राणी कोठे राहतो हे सांगणारे चित्र अभ्यासाच्या दृष्टीने अनेकदा अधिक उपयोगी ठरते.

सारांश

टेलिफोटो लेन्सने प्राण्यापासून दूर राहून चित्र घेण्याची सोय केली, पण त्या बदल्यात प्रकाश मागितला. मोठ्या काचेने ही मागणी पैशात पुरवली. फिल्मपासून सेन्सरपर्यंतच्या प्रगतीने ती थोडक्या पैशातही पुरवता येऊ लागली. नवशिक्याने लेन्स निवडताना कोणती मर्यादा आपण स्वीकारत आहोत हे जाणून घ्यावे आणि ती मर्यादा प्राण्यावर लादू नये.

स्वाध्याय

१. ४०० मिमी एफ/८ आणि ४०० मिमी एफ/४ या लेन्सच्या छिद्रांचे व्यास काढा. दुसरी लेन्स किती पट प्रकाश घेते?

२. चॅम्पियन यांची तार आणि आजचा कॅमेरा ट्रॅप यांतील साम्य व फरक लिहा.

३. तुमच्या महाविद्यालयाच्या परिसरातील एक पक्षी आठवडाभर कॅमेऱ्याविना पाहा. तुम्ही किती अंतरावर आल्यावर तो उडतो, ते पावलांत मोजून नोंदवा. त्या अंतरावरून त्याचे चित्र घेण्यास कोणती लेन्स पुरेल, याचा विचार करा.