केस आणि मस्तक

पुरुषाच्या लांब केसांकडे आपण बहुधा शोभेची वस्तु म्हणून पाहतों. कोणास ते रुबाबदार वाटतात, कोणास बायकी. परंतु या केसांपायीं माणसांनीं प्राणही दिले आहेत. चीन देशाचा वृत्तांत या बाबतींत आम्हांस विशेष विचार करण्याजोगा वाटतो.

मिंग घराण्याच्या काळीं चिनी पुरुष सर्व केस वाढवून माथ्यावर त्यांची गांठ बांधीत. देह, त्वचा आणि केस हीं आईबापांनीं दिलेलीं. त्यांस इजा न करणें हाच पितृभक्तीचा आरंभ, अशी कन्फ्यूशियसच्या परंपरेची शिकवण होती. १६४४ मध्यें मांचूंनीं पेकिंग घेतलें. पुढील वर्षीं राजप्रतिनिधि दोर्गोन यानें फर्मान काढलें कीं, प्रत्येक पुरुषानें दहा दिवसांत डोक्याचा पुढचा भाग भादरून मांचूंप्रमाणें मागें वेणी सोडावी. न ऐकणारास देहान्ताची शिक्षा होती.

यांगत्से नदीकांठच्या ज्यांगयिन नगरानें नव्या राजाचा अधिकारी निमूटपणें पत्करला होता. परंतु हा हुकूम येतांच तेंच नगर उठलें. सुमारें ऐंशी दिवस त्यानें वेढा सोसला आणि शेवटीं तेथें भयंकर कत्तल झाली. राजा बदलला तर कर दुसऱ्यास द्यावा लागतो, एवढेंच. केस उतरविणें म्हणजे मात्र आपल्याच हातानें वाडवडिलांस नाकारणें, असें त्या लोकांस वाटलें.

पुढें ती वेणी रुळली. तरी केस वाढविणें हें बंडाचें निशाण राहिलेंच. १८५१ मध्यें उठलेल्या तायपिंग बंडवाल्यांनीं डोकीं भादरणें सोडलें, म्हणून सरकारपक्षाचे लोक त्यांस 'लांबकेसे' म्हणत. १८६४ मध्यें तें बंड मोडलें आणि वेणी टिकली.

१९११ मध्यें क्रांति झाली. मार्च १९१२ मध्यें सुन यत्सेन यांच्या सरकारानें वेण्या कापण्याचा आदेश दिला. दास्याची खूण गेली म्हणून पुष्कळांस आनंद झाला. परंतु कित्येकांनीं डोळ्यांत पाणी आणून आपली वेणी राखण्याची धडपड केली. चांग शुन या सेनापतीनें तर आपल्या सैनिकांच्या वेण्या कापूं दिल्या नाहींत, आणि १९१७ च्या जुलैंत त्याच सैन्याच्या बळावर बाल बादशहा पुयी यास बारा दिवस गादीवर बसविलें.

ज्या वेणीस नकार देऊन पूर्वज मेले, तिच्यासाठीं वंशजांनीं रडावें, हें प्रथमदर्शनीं हास्यास्पद दिसतें. आम्हांस तें तसें वाटत नाहीं. अडीचशें वर्षांत ती वेणी बापाची आणि आजाची झाली होती. १६४५ मध्यें जी पितृभक्ति तिच्या विरुद्ध उभी राहिली, तीच १९१२ मध्यें तिच्या बाजूस आली. भावना पालटली नव्हती. पितरांचा वेष पालटला होता.

आपल्याकडेही शेंडी उतरवून आलेल्या मुलास पाहून बापाचा घास अडकल्याच्या गोष्टी घरोघरच्या वृद्धांनीं सांगितल्या आहेत. त्या मुलाचें चुकलें असें आम्ही म्हणत नाहीं. जुनें चिन्ह टाकण्याचा अधिकार प्रत्येक पिढीस आहे. मात्र दुसऱ्याच्या डोक्यास कात्री लावणाऱ्या सत्तेनें, मग ती बादशाही असो वा लोकशाही, एवढें ओळखावें कीं त्या केसांत कोणाचा तरी बाप जपलेला असतो.