पल्सरचा इतिहास आणि ‘गाड्या महाग होतील’ची ओरड

परवा चहाच्या टपरीवर विषय निघाला, सगळ्याच दुचाकींना एबीएस सक्तीचं करावं का. एकजण लगेच म्हणाला, "करा सक्ती! गाड्या अजून महाग होतील, मग गरिबाने फिरायचं कशावर?" चार जणांनी माना डोलावल्या. मी गप्प बसलो, कारण मला जे सांगायचं होतं ते एका कटिंगमध्ये मावणारं नव्हतं.

गेला महिनाभर मी पल्सरचा इतिहास वाचतोय. गाडी माझी लाडकी आहे, हे आधीच कबूल करतो. सुरुवात केली ती हौसेने. कुठलं मॉडेल कधी आलं, कुठलं इंजिन, किती सीसी. पण वाचता वाचता टपरीवरच्या त्या प्रश्नाचं उत्तरच त्यात सापडलं. म्हणून ही लांबलचक पोस्ट. वेळ असेल तर वाचा.

आधी पल्सरच्या अलीकडचं नाही, पलीकडचं बघू.

१९६० च्या सुमारास पिआज्जोच्या परवान्याखाली आकुर्डीत बजाजची व्हेस्पा बनायला लागली. १९७२ ला चेतक आली. आपल्या आईवडिलांच्या पिढीला ‘नंबर लावणे’ म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. स्कूटरसाठी पैसे भरायचे आणि वाट बघायची, काही वेळा दहा-दहा वर्षं. कारखान्याने वर्षाला किती गाड्या बनवायच्या ते दिल्लीत ठरायचं आणि त्याहून जास्त बनवल्या तर तो गुन्हा. लोकांना हवी ती वस्तू जास्त बनवली म्हणून तुरुंगात जावं लागलं तरी बेहत्तर, ही राहुल बजाज यांची भूमिका प्रसिद्धच आहे.

ही झाली कंपनीची बाजू. पण गिऱ्हाईकाच्या बाजूने बघा. दारात दहा वर्षांची रांग असेल तर गाडी सुधारायची कशाला? जे बनेल ते विकलं जाणारच. म्हणून एक पिढी स्कूटर तिरकी करून किक मारत राहिली आणि त्यालाच स्कूटर चालवायची पद्धत समजत राहिली.

ऐंशीच्या दशकात सरकारने परदेशी भागीदारीला वाट करून दिली. हीरोबरोबर होंडा, टीव्हीएसबरोबर सुझुकी, एस्कॉर्ट्सबरोबर यामाहा, बजाजबरोबर कावासाकी. १९८५ ला हीरो होंडाची सीडी १०० आली, चार-स्ट्रोक आणि पेट्रोल पिण्यात अगदी काटकसरी. त्याच वर्षी आलेल्या आरएक्स १०० ने कॉलेजच्या पोरांना वेड लावलं. नव्वदचं दशक संपता संपता मोटरसायकलींनी स्कूटरला मागे टाकलं. ज्या कंपनीच्या दारात रांग असायची, तिला आता गिऱ्हाईक शोधायची वेळ आली.

त्याच वेळी दुसरी एक गोष्ट घडत होती, तिची आठवण कोणी काढत नाही. धुराचे नियम. १९९६ च्या नियमांत दुचाकीला किलोमीटरमागे ४.५ ग्रॅम कार्बन मोनॉक्साइड सोडायची मुभा होती. २००० साली ती मर्यादा २ ग्रॅमवर आली. न जळलेलं इंधन आणि नायट्रोजनची ऑक्साइडं मिळून ३.६ ग्रॅमवरून तीही २ ग्रॅमवर. आता दोन-स्ट्रोक इंजिनाची अडचण अशी की ताज्या पेट्रोलचा काही भाग न जळताच धुराबरोबर बाहेर निसटतो, शिवाय पेट्रोलमध्ये मिसळलेलं ऑइलही जळतं. ज्यांनी त्या काळात सिग्नलला उभं राहून तो निळा धूर खाल्लाय त्यांना आकडे सांगायची गरज नाही. नव्या मर्यादेत दोन-स्ट्रोक बसवणं अवघड आणि खर्चिक होऊन बसलं. चार-स्ट्रोककडे वळणं भाग होतं.

तेव्हाही ओरड हीच होती: गाड्या महाग होतील, पिकअप जाईल, मजा संपली.

मजा संपली का? १९९९ ला हीरो होंडाने सीबीझेड आणली, १५६ सीसीची, पुढे डिस्क ब्रेक. चार-स्ट्रोक गाडीही अंगावर काटा आणू शकते हे तिने दाखवलं. आणि नोव्हेंबर २००१ मध्ये बजाजने पल्सर आणली, १५० आणि १८० अशा दोन रूपांत. रूप ग्लिन केर या ब्रिटिश डिझायनरने घडवलेलं, पण गाडी कावासाकीची नव्हे, बजाजची स्वतःची. म्हणजे वर्षानुवर्षं दुसऱ्याच्या परवान्यावर आणि तंत्रावर चालणाऱ्या कंपनीने आपल्या चाकण-आकुर्डीच्या पट्ट्यात उभी केलेली.

२००३ ला डीटीएस-आय आलं. नाव भारदस्त, कल्पना साधी. इंजिनात ठिणगी पाडायला एका प्लगऐवजी दोन. मिश्रण दोन बाजूंनी पेटतं, जळण लवकर आणि नीट होतं, म्हणजे ताकद आणि मायलेज दोन्हीची सोय. पुढे याच पेटंटवरून बजाज आणि टीव्हीएस कोर्टात भांडले. टीव्हीएसच्या फ्लेम गाडीचं प्रकरण मद्रास हायकोर्टातून २००९ मध्ये सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं. कोण बरोबर, कोण चूक, ते सोडा. मला गंमत वाटते ती याची की तीस-चाळीस वर्षांपूर्वी परवाना कोण देतो यावर ज्यांचं नशीब ठरायचं, ते आता तंत्र कोणाचं यावर भांडत होते. मला तरी ही प्रगती वाटते.

इथपर्यंत अभिमानाची गोष्ट. आता जरा टोचणारी.

२००७ ला पल्सर २२० आली तेव्हा तिच्यात फ्युएल इंजेक्शन होतं. किती पेट्रोल सोडायचं ते कार्ब्युरेटरऐवजी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा ठरवते, त्यामुळे मोजून-मापून जळतं. आपल्याकडे त्या काळात ही मोठीच गोष्ट. पण २००९ मध्ये हीच २२० पुन्हा कार्ब्युरेटरवर आली. किंमत उतरली, ताकद थोडी वाढली आणि ‘फास्टेस्ट इंडियन’ म्हणून गाडी धडाधड खपली. मीसुद्धा तेव्हा टाळ्याच वाजवल्या होत्या. धंद्याच्या हिशेबाने निर्णय चुकला असं कोणी म्हणणार नाही.

मग साध्या पल्सर १५० ला इंजेक्शन कधी मिळालं? २०२० मध्ये. कारण १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ चे नियम लागू होणार होते आणि कार्ब्युरेटरवर ते पाळणं जवळपास अशक्य होतं. म्हणजे तंत्र २००७ लाच घरात होतं. सामान्य माणसाच्या गाडीत उतरायला तेरा वर्षं लागली आणि ते उतरलं नियमामुळे.

एबीएसचंही तेच. जोरात ब्रेक दाबला की चाक जाम होतं आणि गाडी घसरते. एबीएस चाक जाम होऊ देत नाही, गाडी ताब्यात राहते. पल्सर घराण्यात ते २०१५ ला आरएस २०० मध्ये आलं, तेही जादा पैसे मोजणाऱ्यालाच. पल्सर १५० ला मिळालं ते १२५ सीसीच्या वरच्या गाड्यांना सक्ती झाल्यावर. ही सक्ती नव्या मॉडेलांना एप्रिल २०१८ पासून आणि आधीपासून विकल्या जाणाऱ्या गाड्यांना एप्रिल २०१९ पासून होती.

यात कंपनीला खलनायक करायचा माझा हेतू नाही. उलट कारण समजून घेऊ. एका कंपनीने मनाने एबीएस बसवलं तर तिची गाडी शेजारच्या शोरूमपेक्षा काही हजारांनी महाग होते आणि गिऱ्हाईक, म्हणजे तुम्ही-आम्ही, शेजारी जातो. चांगलं वागणाऱ्यालाच दंड. नियम सगळ्यांना एकदम लागला की हा दंड संपतो. सगळ्यांनाच तो पार्ट लागतो, मग तो लाखोंनी बनायला लागतो आणि दरही उतरायला मदत होते. स्पर्धा गाडी देखणी, वेगवान आणि स्वस्त करते. पण जी गोष्ट शोरूममध्ये दिसत नाही, म्हणजे धूर आणि ब्रेक, ती बहुतेक वेळा नियमच आणतो. माझ्या लाडक्या गाडीच्या दोन दशकांच्या इतिहासातून मी तरी हेच शिकलो.

आता त्या ‘गरिबाने फिरायचं कसं’चं. प्रश्न खोटा नाही. बीएस-६ नंतर गाड्या महागल्याच. पण २०२२ मध्ये देशात रस्त्यावर १,६८,४९१ माणसं गेली आणि त्यातली जवळपास ७५ हजार दुचाकीवरची होती. सगळेच एबीएसने वाचले असते असं कोणी म्हणत नाही. हेल्मेट, खड्डे, दारू, उलट दिशेने येणारे, सगळं आहेच. पण १०० आणि ११० सीसीच्या गाडीवर कोण फिरतं? दूध घालणारा, वायरमन, एमआयडीसीत शिफ्टला जाणारा पोरगा. म्हणजे ज्याच्या नावाने आपण स्वस्ताईचा कळवळा दाखवतो, त्यालाच बिनएबीएसची गाडी देतो. ते वाचलेले पैसे कुणाच्या तरी घरचे लोक दवाखान्यात भरतात.

आणखी एक. पल्सरची पहिली जाहिरात आठवते? ‘डेफिनेटली मेल’. वेग म्हणजे मर्दानगी, हे आमच्या पिढीच्या डोक्यात त्या एका ओळीने किती घट्ट बसवलं याचा विचार मी आता करतो. वेग विकताना जाहिरात जोरात होती. ब्रेक मात्र सरकारी अधिसूचनेची वाट बघत होता.

आणि हा सगळा इतिहास गोड नाही, हेही नोंदवतो. ज्या आकुर्डीत चेतक बनली, तिथलं गाड्यांचं उत्पादन २००७ मध्ये थांबलं. पिंपरी-चिंचवडमधल्या किती घरांत त्या वर्षी काय बोलणी झाली असतील ते इथल्या लोकांना सांगायला नको. २०१३ ला चाकणला कामगारांनी सुमारे पन्नास दिवस काम बंद ठेवलं होतं. गाडीचा इतिहास सांगताना इंजिनाचं सांगतो, डिझायनरचं सांगतो, लाईनवर उभ्या असलेल्या माणसाचं राहून जातं. स्पर्धेने आपल्याला चांगली गाडी दिली, पण तिची किंमत सगळ्यांनी सारखी मोजली नाही.

असो. टपरीवरच्या मित्राला उत्तर एवढंच: २००० साली धुराचे नियम आले तेव्हाही गाडीचा धंदा बुडेल म्हणत होते. पुढच्याच वर्षी पल्सर आली. नियमाने धंदा बुडाला नाही, उलट इंजिन सुधारावं लागलं. आता लहान गाड्यांना एबीएस द्यायचा विषय निघेल तेव्हा किमतीचं गणित जरूर मांडा, सरकारने त्यावर कर कमी करावा अशी मागणीही करा, मी सोबत आहे. पण ‘आपल्याला परवडत नाही’ म्हणून ब्रेकच नको म्हणू नका.

तुमची पहिली गाडी कुठली आणि तिच्यावरून तुम्ही कधी घसरलात, ते खाली लिहा. खरं खरं लिहा.